नायक नसलेला गट

सैन्यात अधिकारी होऊ इच्छिणारा तरुण निवड मंडळापुढे जातो, तेव्हा एके दिवशी त्याला मैदानावर नेण्यात येते. छातीवर क्रमांक लावलेले आठ-दहा उमेदवार, समोर खंदक समजून आखलेला जमिनीचा पट्टा, आणि हाताशी एक फळी, एक दोर व एक ओंडका. ठरलेले ओझे पलीकडे न्यावयाचे आणि मधल्या जमिनीला पाय लावावयाचा नाही, एवढे सांगून परीक्षक बाजूला उभा राहतो. पुढारी कोण, हे तो सांगत नाही. बेळगाव आणि महू यांसारख्या छावण्यांच्या गावांत पुष्कळ घरांनी हा प्रसंग परत आलेल्या मुलाच्या तोंडून ऐकलेला असतो. ही परीक्षा प्रथम योजणारा गृहस्थ मथुरेत जन्मला होता, आणि याच कल्पनेने त्याने पुढे युद्धात मनाने खचलेल्या सैनिकांवर उपचार करून पाहिले, ही हकीकत मात्र फारशी कोणाच्या कानावर आलेली नसते.

विल्फ्रेड बायन यांचा जन्म ८ सप्टेंबर १८९७ चा. वडील हिंदुस्थानात इंजिनियर होते. त्या काळच्या इंग्रज कुटुंबांच्या रिवाजाप्रमाणे आठव्या वर्षी मुलाला आयेच्या मांडीवरून उचलून इंग्लंडातील वसतिगृहात पाठविण्यात आले. पहिल्या महायुद्धात ते रणगाड्यांच्या पलटणीत होते, आणि १९१७ च्या कांब्रे येथील लढाईतील पराक्रमाबद्दल त्यांना पदकही मिळाले. युद्धानंतर ऑक्सफर्ड येथे इतिहासाचा अभ्यास, काही काळ शाळामास्तरकी, मग लंडनला वैद्यकीचे शिक्षण आणि शेवटी टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मानसोपचार, असा त्यांचा प्रवास झाला. भीतीने माणसाचे काय होते हे या डॉक्टरने रणगाड्यात बसून शिकलेले होते. पुढील सारी हकीकत समजण्यास एवढे ध्यानात ठेवणे पुरे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश सैन्यात अधिकारी निवडण्याची रीत अगदी साधी होती. काही वरिष्ठ अधिकारी उमेदवाराशी थोडा वेळ बोलत, त्याची शाळा कोणती, घराणे कोणते, बोलण्याची ढब कशी हे पाहत आणि निर्णय देत. ओळखीच्या वर्गातील मुलगा असला म्हणजे ही नजर बहुधा चुकत नसे. परंतु सैन्य अफाट वाढले, कारखान्यांतून व कचेऱ्यांतून आलेली मुले समोर उभी राहू लागली, आणि ती नजर निकामी ठरली. निवडलेल्यांपैकी बरेच जण प्रशिक्षण-केंद्रातून परत पाठविले जात, काही जण तेथेच मनाने कोसळत. हे थांबविण्यासाठी, सर रॉनल्ड ॲडम हे सैन्याच्या मनुष्यबळ खात्याचे प्रमुख असताना, १९४२ च्या आरंभी एडिंबरा येथे एक प्रायोगिक निवड मंडळ नेमण्यात आले. लष्करी अधिकाऱ्यांबरोबर त्यात मनोविकारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञही होते, आणि बायन त्यांपैकीच एक.

लेखी कसोट्या तोवर तयार होत्या. एक शब्द दाखवून मनात प्रथम काय येते ते लिहावयास लावणे ही त्यांतली एक. अस्पष्ट चित्र पाहून गोष्ट रचावयास सांगणे ही दुसरी. ती अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात मरे आणि मॉर्गन यांनी १९३५ मध्ये मांडली होती. जर्मन सैन्यातील मानसशास्त्रज्ञही उमेदवारांना कामास लावून त्यांचे निरीक्षण करीत असत. बायन यांनी यात जी भर घातली ती वरवर पाहता क्षुल्लक होती : त्यांनी गटाला काम दिले आणि पुढारी काढून घेतला. पूल बांधा, असे सांगावयाचे आणि पुलाकडे पाहावयाचे नाही. पाहावयाचे ते असे की, प्रत्येकाला स्वतः चमकावयाचे आहे, आणि इतरांच्या साहाय्यावाचून तर कोणालाच चमकता येत नाही, अशा ओढाताणीत कोण कसा वागतो. दुसऱ्याची चांगली कल्पना कोण उचलून धरतो, कोण ती दडपतो, मागे राहिलेल्याकडे कोणाचे लक्ष जाते? मोठ्या आवाजाचा उमेदवार येथे नेहमीच उत्तीर्ण होत नसे. वर्गात हात सर्वांत उंच करणारा मुलगाच सर्वांत हुशार असतो, असे मानणाऱ्या शिक्षकांनीही हे ऐकून ठेवण्याजोगे आहे.

या पद्धतीचा गुण किती आला? १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या व नव्या रीतीने निवडलेल्यांची तुलना आहे. प्रशिक्षणात सरासरीहून सरस ठरलेले जुन्या रीतीत शेकडा सुमारे २२ होते, नव्या रीतीत सुमारे ३५. सरासरीहून कमी ठरलेले शेकडा ३७ वरून २५ वर आले. ही सुधारणा खरी, पण जादू नव्हे. चौघांतील एक उमेदवार नव्या मंडळानेही चुकीचा निवडला, असाच त्या आकड्यांचा अर्थ होतो. मनाची मोजणी करणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

१९४२ च्या अखेरीस बायन बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड येथील लष्करी रुग्णालयात आले. युद्धाने ज्यांची झोप उडाली, हात कापू लागले, बंदूक धरवेना, असे सैनिक तेथे होते. अनेकांना एकत्र बसवून उपचार करण्याची कल्पना तशी जुनीच. बॉस्टनच्या डॉ. जोसेफ प्रॅट यांनी १९०५ मध्ये गरीब क्षयरोग्यांचा वर्ग भरविला होता. त्यास तेथील इमॅन्युएल चर्चचे पाठबळ होते. रोगी दर आठवड्यास जमत, आपापली टिपणवही दाखवीत आणि एकमेकांच्या सुधारणेने धीर धरीत. परंतु तेथे गुरू एक आणि शिष्य अनेक, अशीच मांडणी होती.

बायन यांच्याकडे रुग्णालयाचा प्रशिक्षण-विभाग आला. त्यात शंभरावर बरे होऊ लागलेले सैनिक होते. पहिले काही दिवस त्यांच्या खोलीत अर्जांची नुसती रीघ लागली : रजा पाहिजे, कपडे फाटले, अमक्याने त्रास दिला. या गर्दीत त्यांच्या ध्यानी आले की, हा विभाग म्हणजे शत्रू दिसत नसलेली पलटण आहे. शत्रू आहेच, तो म्हणजे हा आजार. तो सर्वांना दिसला, तरच पलटण त्याच्याशी लढेल. त्यांनी मोजकेच नियम लावले. रोज तासभर कवायत करावयाची. प्रत्येकाने सुतारकाम, नकाशावाचन, हस्तकला अशा एका तरी गटात असावयाचे. हवा तो गट नसल्यास नवा काढावयाचा. ज्याला काहीच करवत नसेल त्याने विश्रांतीच्या खोलीत जाऊन पडावे किंवा वाचीत बसावे. आणि दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी सर्वांनी अर्धा तास एकत्र जमावयाचे.

लवकरच तक्रार आली की, शेकडा ऐंशी लोक कामचुकार आहेत, वीसच खपतात. साहेबांनी काही करावे. सामान्य अधिकाऱ्याने शिक्षा फर्मावली असती. बायन यांनी ती तक्रारच सर्वांपुढे ठेवली. समाजात सर्वत्र हीच कुरकुर ऐकू येते, तेव्हा हिचे कारण काय ते तुम्हीच शोधा, असा त्यांचा पवित्रा होता. विभाग अस्वच्छ आहे म्हणून कुरकुरणाऱ्यांतूनच मग स्वच्छता राखणारा एक गट निघाला. महिनाभरात, शिक्षेचे नाव न काढता, विभागाची कळा पालटली.

आणि सहा आठवड्यांत प्रयोग बंद पडला. मधल्या काळातील गोंधळ लष्करी वरिष्ठांना सोसवला नाही. बायन आणि त्यांचे सहकारी जॉन रिकमन या दोघांचीही बदली झाली. त्यांचा वृत्तांत २७ नोव्हेंबर १९४३ च्या ‘लॅन्सेट’ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा प्रयोगस्थळ त्यांच्या हातून गेलेले होते. दोष केवळ वरिष्ठांचा होता काय? तसे म्हणणे सोपे आहे. बायन यांनी आपल्या विभागातील ताण ओळखला, पण तो विभाग ज्या मोठ्या गटात होता, म्हणजे सारे रुग्णालय, परिचारिका, कमांडर, त्याच्या मनाकडे त्यांचे दुर्लक्ष झाले. निवड मंडळात इतरांचे भान कोणाला राहते हे पाहणाऱ्या परीक्षकालाच आपल्या भोवतीच्या गटाचे भान राहिले नाही, हे नमूद केलेच पाहिजे.

ही चूक पुढच्यांच्या उपयोगी पडली. जर्मनीतून १९३३ मध्ये परागंदा झालेले डॉ. फुल्क्स नॉर्थफील्डला आले. ते थोड्या रुग्णांना गोलाकार बसवीत आणि त्यांच्या आपसांतील बोलण्यालाच औषध मानीत. हॅरॉल्ड ब्रिजर यांनी सबंध रुग्णालय हाच आपला रुग्ण समजून काम केले. टॉम मेन यांनी १९४६ मध्ये ‘उपचारक समाज’ ही संज्ञा लेखात वापरली, आणि जगभरच्या मनोरुग्णालयांत व व्यसनमुक्ती केंद्रांत ती रुजली. बायन यांनी युद्धानंतर टॅव्हिस्टॉकमध्ये गट घेतले. त्यांत ते बहुतेक वेळ गप्प बसत आणि लोक चिडत. त्या अनुभवावर १९६१ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. कोणताही गट समोरचे काम विसरून तीन वाटांनी भरकटतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे : एकाच्या पायाशी लोटांगण घालणे, शत्रू शोधून भांडणे किंवा पळणे, आणि दोघांच्या जवळिकीतून कोणी तारणहार येईल म्हणून वाट पाहणे. गावच्या कमिटीत एक तप काढलेल्या माणसाला याचे उदाहरण देण्याची गरज नाही.

हिंदुस्थानात हे निवडतंत्र १९४३ मध्ये डेहराडूनच्या प्रायोगिक मंडळाबरोबर आले. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, सैन्यासाठी मानसशास्त्रीय संशोधनाची शाखा स्थापन झाली. तीच १९८२ पासून संरक्षण मानसशास्त्रीय संशोधन संस्था म्हणून दिल्लीत काम करीत आहे. साठ शब्द, प्रत्येकास पंधरा सेकंद. अकरा चित्रे आणि बारावे पान कोरे. त्यानंतर मैदान, फळी आणि दोर. पुढारी न नेमण्याचा बायन यांचा नियम तेथे अजून पाळला जातो.

स्वतः बायन आठव्या वर्षी गेले ते पुन्हा या भूमीवर आले नाहीत. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांनी बेत केला होता, १९८० च्या जानेवारीत मुंबईस येण्याचा. ८ नोव्हेंबर १९७९ रोजी ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले.