नागोयाहून आलेल्या माळा

हिरोशिमाच्या सदाको सासाकीची गोष्ट मी लहानपणी ऐकली ती अशी : हजार कागदी क्रौंच पक्षी केले की इच्छा पुरी होते म्हणून ही आजारी मुलगी घड्या घालत राहिली, आणि हजार होण्याआधीच गेली. पुढे कळले, की हा शेवट एका पुस्तकातला. तिने हजारांहून अधिक केले होते, असे तिचा भाऊ सांगतो.

मला मात्र गोष्टीची सुरुवात मोलाची वाटते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला तेव्हा सदाको दोन वर्षांची होती. १९५५ च्या फेब्रुवारीत रक्ताच्या कर्करोगामुळे ती रुग्णालयात दाखल झाली. ऑगस्टमध्ये तिथल्या रुग्णांसाठी नागोयाहून क्रौंचांच्या माळा आल्या. पाठवणारे अनोळखी होते. त्या पाहून सदाकोने घड्या घालायला घेतल्या. औषधाच्या पुड्यांचे कागदही तिने सोडले नाहीत. २५ ऑक्टोबरला ती गेली. मग तिच्या वर्गमित्रांनी निधी जमवायला घेतला आणि ५ मे १९५८ रोजी मुलांचे शांतिस्मारक उभे राहिले. आता तिथे दरवर्षी सुमारे एक कोटी क्रौंच येतात.

भूकंपानंतर जपानमध्येच काही जण म्हणतात, आधी पाणी आणि अंथरूण पाठवा, क्रौंच ठेवायचे कुठे? ते मला पटते. कागदाने पोट भरत नाही. पण नागोयाच्या माळा पोचल्या तेव्हा बॉम्बला दहा वर्षे झाली होती. मदतीच्या गाड्या परतल्यावरही दुखणे उरते. आपल्याला कोणी विसरलेले नाही, हे कळण्याची गरज खरी तेव्हाच असते.