बंद जिनाचा हिस्सा

माझे पणजोबा अकोल्यातल्या एका जिनात फिटर होते. मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांच्या गोष्टी आजोबांनी सांगितल्या, आणि सांगताना आजोबांना सालापेक्षा माणसं जास्त आठवायची. एका वर्षी दिवाळी झाली, कापसाच्या गाड्या बाजारात लागल्या, आजूबाजूच्या जिनांच्या चिमण्यांतून धूर निघू लागला, पण पणजोबांच्या जिनाचा बॉयलर पेटलाच नाही. यंत्रांत काही बिघाड नव्हता. पावसाळाभर त्यांनीच रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, उघडून, साफ करून, तेल घालून ठेवले होते. मुनीमानं एवढंच सांगितलं की यंदा जिन बंद राहील. हंगाम सरला आणि त्या बंद जिनाच्या मालकाला त्याचा हिस्सा पोहोचला.

"मालकायचा पूल झाला होता," आजोबा म्हणायचे. "चालू जिनानं कमवाचं, अन् बंद जिनाले वाटा द्याचा."

ही काही आमच्या घरापुरती गोष्ट नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६७ साली रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावला फाटा मिळाला. व्होलकार्ट आणि राली यांच्यासारख्या परदेशी पेढ्या इथं खरेदीला उतरल्या. त्यांच्या मागोमाग जिन-प्रेस उभे राहत गेले, ते इतके की पिकणाऱ्या कापसाला ते जास्त झाले. हंगाम चार-सहा महिन्यांचा, यंत्रांवर कर्ज, म्हणून प्रत्येक जण दर पाडून गिऱ्हाईक ओढायचा. मग मालक एकत्र बसले. सरकी काढण्याचा दर एकच ठरला, काही जिनं चालवायची, काही बंद ठेवायची, आणि जमलेला नफा कोणाकडे किती रेचे आहेत ते पाहून वाटायचा. वऱ्हाडात आणि खानदेशात असे पूल गावोगाव होते. १९२५ मध्ये जिन-प्रेससाठी कायदा आला, पण त्याचा मुख्य रोख कापसातल्या भेसळीवर होता. पुलामुळे दर चढला तो कास्तकाराच्या पदरातून गेला, आणि जिनं कमी झाल्यामुळे त्याची गाडी रांगेत जास्त वेळ उभी राहिली.

व्हिडिओ गेमच्या कंपन्यांच्या खरेदी-विक्रीच्या बातम्या मी गेली काही वर्षं मन लावून वाचतो, आणि दर वेळी मला हा पूल आठवतो.

१८ जानेवारी २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टनं ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी ६,८७० कोटी डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या नियामकांनी अडवून पाहिलं, तरी १३ ऑक्टोबर २०२३ रोजी व्यवहार पुरा झाला. अमरावतीत माझी आई दुपारी जेवणानंतर कँडी क्रश खेळते. २०१२ मध्ये हा गेम किंग नावाच्या कंपनीनं आणला. २०१६ मध्ये ॲक्टिव्हिजननं ५९० कोटी डॉलर देऊन किंग घेतली, आणि पुढे ॲक्टिव्हिजनसकट तीही मायक्रोसॉफ्टकडे गेली. मालक दोनदा बदलला आणि आईला त्याची खबरही लागली नाही. तिला ती लागावी अशी मालकांची गरजही नव्हती.

आपल्याकडेही हे झालं आहे. १९९९ मध्ये विशाल गोंडल यांनी मुंबईत इंडियागेम्स सुरू केली. २००५ मध्ये चीनच्या टॉम ऑनलाइननं तिच्यात मोठा हिस्सा घेतला, २००७ मध्ये ती यूटीव्हीकडे आली आणि २०१२ मध्ये डिस्नेकडे गेली. मोबाइलवरच्या गेमचं भारतातलं हे पहिलं मोठं नाव डिस्नेच्या पसाऱ्यात विरून गेलं. पुण्यातला गेमलॉफ्टचा स्टुडिओ २००८ मध्ये युबिसॉफ्टनं घेतला. आता मुंबईची नझारा टेक्नॉलॉजीज स्वतः देशात आणि परदेशात कंपन्या विकत घेते.

एकत्र येणं हाच गुन्हा आहे असं मी म्हणणार नाही. एकेका मोठ्या गेमचा खर्च आता वीस कोटी डॉलरच्या पुढे जातो, तो बनायला पाच-सहा वर्षं लागतात, आणि तो पडला तर छोटा स्टुडिओ संपतो. वऱ्हाडानंही मालक बदललेले पाहिले आहेत. अकोल्याची सावतराम मिल १९७४ मध्ये सरकारनं घेतली, तेव्हा आजोबांच्या ओळखीतल्या कितीतरी घरांची चूल त्यामुळे पुढची काही वर्षं पेटत राहिली. म्हणून कोण कोणाला घेतो यापेक्षा घेतल्यावर काय बंद करतो, हे मी आधी पाहतो.

टोकियोतला टँगो गेमवर्क्स हा स्टुडिओ शिंजी मिकामी यांनी २०१० मध्ये काढला. त्याच वर्षी तो झेनीमॅक्सकडे गेला आणि २०२१ मध्ये झेनीमॅक्ससह मायक्रोसॉफ्टकडे. जानेवारी २०२३ मध्ये त्यांचा 'हाय-फाय रश' आला आणि सगळीकडून कौतुक झालं. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टनं हा स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं. रेचे तेल घालून तयार होते, आणि तरी बॉयलर पेटवायचा नाही असं ठरलं! काही महिन्यांनी दक्षिण कोरियाच्या क्राफ्टननं त्या लोकांना आणि त्या गेमला आपल्याकडे घेतलं. आपल्याकडची पोरं जो बीजीएमआय खेळतात, तो याच क्राफ्टनचा. टँगो वाचला, सगळे वाचत नाहीत. वेस्टवूड हा नावाजलेला स्टुडिओ इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं १९९८ मध्ये घेतला आणि २००३ मध्ये बंद केला. खेळणाऱ्याच्या खिशालाही झळ बसते. मायक्रोसॉफ्टच्या गेम पासचा सर्वांत वरचा प्रकार अमेरिकेत ऑक्टोबर २०२५ मध्ये महिन्याला २० डॉलरवरून ३० डॉलरवर गेला.

याच इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं २००६ च्या अखेरीस 'क्रिकेट ०७' काढला आणि त्यानंतर संगणकासाठी क्रिकेटचा गेम पुन्हा केलाच नाही. अमरावतीच्या राजापेठेतल्या सायबर कॅफेत आम्ही तो खेळत मोठे झालो. कंपनीनं सोडल्यावरही तो जगला, कारण जगभरच्या हौशी पोरांनी त्यात नवे संघ आणि आयपीएलचे गणवेश घातले. हे शक्य झालं, कारण गेमची सीडी आमच्या हातात होती. आज बरेच गेम कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असतात. मार्च २०२४ च्या अखेरीस युबिसॉफ्टनं 'द क्रू'चे सर्व्हर बंद केले, तेव्हा तो पैसे मोजून घेतलेल्यांनाही खेळता येईना. त्यातून युरोपात गेम जिवंत ठेवण्याची चळवळ उभी राहिली आणि तिच्या मागणीवर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. ही मागणी मला पूर्णपणे न्याय्य वाटते.

पणजोबांच्या जिनात पणजीही कामाला होती, रेच्यावर कापूस घालायला. तिथं बाया पुष्कळ होत्या. मी लहान असताना आजोबांना विचारलं होतं, बंद जिनाच्या हिश्शातलं पणजीला काय मिळालं? आजोबा म्हणाले, "बाईले काय भेटते? थे दुसऱ्या जिनात गेली. तिथं पह्यलेच बाया जास्त, मंग रोज कमी झाला." पणजोबांना मालकानं ठेवून घेतलं, कारण पुढच्या वर्षी यंत्रं सुरू करायची वेळ आली तर फिटर लागणार होता.

ॲक्टिव्हिजन हाती आल्यावर साडेतीन महिन्यांच्या आत, जानेवारी २०२४ मध्ये, मायक्रोसॉफ्टनं आपल्या गेम विभागातल्या सुमारे १,९०० लोकांना कमी केलं. समभाग असलेल्यांना त्यांचा भाव मिळाला होता. त्या १,९०० जणांत पात्रांचे चेहरे घडवणारे, आवाज बसवणारे, चुका शोधणारे असतील, आणि विक्रीच्या टेबलावर त्यांची बाजू मांडणारं कोणी असलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

माझा भाचा अमरावतीत थ्रीडीचं काम शिकला आणि पुण्यातल्या एका स्टुडिओत लागला. त्याची कंपनी अलीकडे एका परदेशी कंपनीनं घेतली. नोकरी तूर्त आहे, करार मात्र नव्यानं होणार आहे. पुलाची गोष्ट मी त्याला फोनवर सांगितली, तर तो बराच वेळ प्रश्न विचारत राहिला, पणजीबद्दल जास्त. करारात त्यानं दोन गोष्टी लेखी मागितल्या आहेत: स्टुडिओ बंद झाला तर किती महिन्यांचा पगार मिळेल, आणि गेम बाहेर आला नाही तरी त्यासाठी घडवलेली पात्रं आपलं काम म्हणून त्याला पुढे दाखवता येतील का. पगाराबद्दल कंपनीनं उत्तर दिलं आहे. पात्रांबद्दल वकिलांना विचारून सांगतो म्हणाले.