गर्भचाचणी : प्रश्न ओळख पटवण्याचा

गर्भचाचणीचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगतात. १९२८च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक कोवळ्या उंदरिणींना स्त्रीची लघवी टोचत आणि काही दिवसांनी त्यांचे बीजकोश उघडून बघत. आज पट्टीवर काही मिनिटांत रेघ उमटते. पण वेगापेक्षा कठीण काम होतं ते ओळख पटवण्याचं. गर्भारपणात वाढणाऱ्या एचसीजी या प्रथिनाच्या दोन साखळ्या असतात. त्यातली ९२ अमिनो आम्लांची आल्फा साखळी बीजकोशांना चालना देणाऱ्या एलएच, एफएसएच आणि थायरॉइडला चालना देणाऱ्या टीएसएच या हार्मोन्समध्येही तीच असते. बीटा साखळी वेगळी, पण एलएचच्या बीटाशी तिचं बरंच साम्य आहे. एचसीजीची खास खूण म्हणजे तिच्या टोकाचं जादा शेपूट. १९६० साली स्वीडनच्या वाइड आणि गेमझेल यांनी उंदरांऐवजी प्रतिपिंडं वापरली. लघवीत एचसीजी असेल तर नळीत घातलेल्या मेंढीच्या लाल पेशी तळाशी कडं करून बसत. मात्र ती प्रतिपिंडं एलएचलाही धरत आणि पाळी जाण्याच्या वयात एलएच वाढतंच. फसगत टाळायला चाचणी मुद्दाम बोथट ठेवावी लागे, म्हणून पाळी चुकल्यावरही बरेच दिवस थांबणं आलं. अचूक ओळख नसल्याची किंमत अशी संवेदनक्षमतेत मोजली जात होती.

हा पेच सुटला तो कर्करोगाच्या निमित्ताने. वारेच्या पेशींपासून होणाऱ्या गाठींवर उपचार केल्यावर रक्तात एचसीजीचा अंश उरलाय का, हे अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या डॉक्टरांना कळायला हवं होतं. १९७२ साली तिथल्या व्हायटुकायटिस, ब्राउनस्टाइन आणि रॉस यांनी सशांना फक्त बीटा साखळी टोचून मिळवलेल्या प्रतिपिंडांनी एलएच असतानाही एचसीजी वेगळं मोजून दाखवलं. खरी क्रांती १९७५च्या मोनोक्लोनल प्रतिपिंडांनी केली, असं कुणी म्हणेल. त्यांनी एकाच जातीची प्रतिपिंडं हवी तितकी पुरवली, हे खरंच. पण नेम कुठे धरायचा ते आधीच ठरलं होतं.

शिवाय नेमकं प्रतिपिंड हाती आलं म्हणून निकाल बरोबर येतोच असं नाही. काहींच्या रक्तात प्राण्यांच्या प्रतिपिंडांनाच चिकटणारी प्रतिपिंडं असतात. एचसीजीला दोन बाजूंनी धरायला चाचणीत वापरलेल्या दोन प्रतिपिंडांना ती परस्पर जोडतात आणि एचसीजी नसतानाही आकडा येतो. २०००मध्ये रोटमेन्श आणि कोल यांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशा बारा स्त्रियांची नोंद केली, नसलेल्या कर्करोगासाठी त्यांच्यातल्या बहुतेकींवर उपचार झाले होते. ही प्रतिपिंडं आकाराने मोठी असल्याने लघवीत सहसा उतरत नाहीत. रक्तात एचसीजी दिसतं आणि लघवीत नाही, एवढ्यावरूनही शंका घेता येते. औषध सुरू करण्याआधी ती घ्यायलाच हवी.