रवाना आणि पैवस्त

मिरजेच्या शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली पत्रे 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त छापली. त्या काळच्या पत्रव्यवहारात दोन शब्द वारंवार भेटतात: रवाना आणि पैवस्त. पत्र निघाले तो दिवस, आणि हाती पडले तो दिवस. तारखेआधी 'छ', म्हणजे चंद्र. महिने सफर, रजब, साबान. जासूद वाटेत किती दिवस होता, हे या दोन नोंदी जुळवल्या की कळते. सरकारी कचेरीतली आवक-जावक बारनिशी हे त्याच घरातले नातवंड.

अशा नोंदीचे मोल साताऱ्याला विचारावे. छत्रपती प्रतापसिंह महाराज स्वतः रोजनिशी ठेवत. तरी गोव्याच्या पोर्तुगीजांशी गुप्त पत्रव्यवहार केला, हा त्यांच्यावरील आरोपांपैकी एक होता. महाराजांनी आरोप नाकारले, कबुलीवर सही करायलाही नकार दिला. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत केले गेले. रंगो बापूजी लंडनला जाऊन १८५३ पर्यंत दाद मागत राहिले. तोवर महाराज १८४७ मध्ये काशीत वारले होते, आणि १८४८ मध्ये राज्यही खालसा झाले होते. पत्र कोणी लिहिले, कोणाच्या हाती निघाले, कधी पोचले, याची तिऱ्हाइताला पटतील अशी उत्तरे न मिळताच एक गादी गेली.

आज सांगलीहून साताऱ्याला फाइल सर्व्हरमार्फत क्षणात जाते. जासूद गेला, बारनिशी मात्र राहिली; तिला आता लॉग म्हणतात. कोणाच्या खात्यातून, कोणत्या यंत्रावरून, कोणती फाइल, किती वाजता निघाली, पोचली की अर्ध्यात तुटली, हे सारे त्यात उतरते. पण वही सांभाळावी लागते. दोन्ही टोकांची घड्याळे एक हवीत, नाहीतर पैवस्त रवानाच्या आधी पडते. नोंदीची प्रत दुसऱ्या यंत्रावर हवी. ज्याच्या हाती फाइली, त्याच्याच हाती खोडरबर नको. जुन्या नोंदी ठरल्या मुदतीनेच काढाव्यात. एप्रिल २०२२ मध्ये 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने नोंदी १८० दिवस जपण्याचा निर्देश दिला.

मुदत संपेपर्यंत त्या कोणी उघडणारही नाही कदाचित. पण उद्या एखाद्या साध्या कारकुनावर 'ही फाइल तूच पाठवलीस' असा आळ आला, तर त्याच्यासाठी लंडनला जाणारा रंगो बापूजी मिळणार नाही. त्याची साक्ष ती एक ओळच देईल.