तळटीपेतले दोन बालेकिल्ले

ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात एक तळटीप आहे. कान्होजी आंग्रे आणि छत्रपती शाहू यांच्यात १७१४ साली जो तह झाला, त्यात कान्होजीकडे दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी राहिली, असे मजकुरात म्हटले आहे. त्यांची नावे खाली बारीक अक्षरांत दिली आहेत. दहा मोठ्या किल्ल्यांत खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, जयगड, देवगड ही नावे येतात. आरमाराच्या सरखेलाला समुद्रावरचे किल्ले मिळाले, यात नवल नाही. खरी गंमत आहे ती सोळांच्या यादीत.

त्या यादीत सागरगड आहे, खारेपाटण, राजापूर, साटवली आहेत. त्यांच्याच रांगेत विकटगड आहे आणि माणिकगडही आहे. विकटगड म्हणजे नेरळच्या डोक्यावरचा पेब. माणिकगड खालापूर तालुक्यात, रसायनी-वाशिवलीच्या बाजूला, पाताळगंगेच्या खोऱ्यावर उभा आहे. आणि यादीच्या अगदी शेवटी दोन नावे जोडीने येतात : श्रीवर्धन आणि मनरंजन.

श्रीवर्धन वाचले की डोळ्यांसमोर समुद्रकाठचे श्रीवर्धन गाव येते. माझ्या मते इथे ते गाव असू शकत नाही. ते त्या काळात जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाखाली होते. पुढे पेशवा झालेला बाळाजी विश्वनाथ तिथल्याच भट घराण्यातला आणि सिद्दीच्या जाचाला कंटाळून घाटावर गेलेला. सिद्दीचे गाव शाहूने आंग्र्याला देण्याचा प्रश्न उद्भवत नाही. उलट राजमाची किल्ल्याच्या दोन बालेकिल्ल्यांची नावे नेमकी श्रीवर्धन आणि मनरंजन अशीच आहेत, आणि यादीत ती एकमेकांना लागून आहेत. वरचा मजकूरही हेच सांगतो : कान्होजीने जिंकलेला सगळा मुलूख परत करावा, मात्र राजमाची त्याच्याकडे राहावी, असे तहाचे कलम ग्रँट डफ देतो. मजकूर आणि तळटीप एकमेकांना पुरावा देतात. असे क्वचित घडते.

आता प्रश्न असा की, ज्याचे आयुष्य गुराब आणि गलबतांवर गेले, त्याने हट्टाने डोंगरातला किल्ला का ठेवून घेतला?

राजमाचीवर उभे राहिले की उत्तराचा अर्धा भाग दिसतो. दक्षिणेला बोरघाटाची वाट खोपोलीकडे उतरते. पश्चिमेला कोंढाण्याची लेणी, त्यापलीकडे कोंदिवडे आणि उल्हास नदीचे खोरे कर्जतकडे पसरलेले. देशावरून कोकणात येणारा माल या घाटवाटांनी उतरायचा आणि पनवेल किंवा आपट्याच्या बाजूला खाडीला लागायचा. पाताळगंगा खालापुरातून वाहत धरमतरच्या खाडीला मिळते आणि त्या खाडीचे तोंड मुंबईसमोर उघडते. म्हणजे राजमाची, माणिकगड आणि विकटगड ज्याच्या हाती, त्याच्या नजरेखाली मुंबई बंदराची पाठची वाट आली. उत्तराचा उरलेला अर्धा भाग मात्र डोंगरावरून दिसत नाही. त्यासाठी मुंबईच्या इंग्रजांचे कागद उघडावे लागतात.

या कागदांविषयी एक इशारा आधीच दिलेला बरा. कान्होजीविषयी जे टिकले आहे त्यातले पुष्कळसे त्याच्या शत्रूंनी लिहिलेले आहे : मुंबई कौन्सिलच्या बैठकींचे वृत्तांत, गोव्याच्या पोर्तुगिजांचे दप्तर, क्लेमंट डाउनिंग या आरमारी माणसाने १७३७ साली छापलेले पुस्तक. तारखांचाही घोळ आहे. इंग्रजांचे पंचांग तेव्हा युरोपातल्या नव्या पंचांगाच्या अकरा दिवस मागे होते आणि त्यांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे आपण ज्याला फेब्रुवारी १७१३ म्हणतो तो त्यांच्या वहीत १७१२चाच महिना असतो. हे ध्यानात न घेता ओळीने वाचत गेले की आधीची घटना नंतर जाऊन बसते.

क्रम नीट लावला की एक वर्ष वेगळे उठून दिसते. नोव्हेंबर १७१२मध्ये कान्होजीच्या आरमाराने कारवारहून येणारे 'अ‍ॅन' हे जहाज आणि मुंबईचा गव्हर्नर एस्लाबी याची सशस्त्र नौका पकडली. लढाईत कारवारचा इंग्रज अधिकारी चाउन मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैदेत पडली. फेब्रुवारी १७१३मध्ये तह झाला, तीस हजार रुपये खंडणी घेऊन लेफ्टनंट मॅकिंटॉश कुलाब्याला गेला आणि कैद्यांना घेऊन परतला. इंग्रज लेखकांनी या बाईच्या हकिकतीवर पानेच्या पाने खर्च केली आहेत. तहाच्या कलमांकडे त्यांचे लक्ष कमी गेले. ती कलमे अशी की, कान्होजीने इंग्रजी निशाणाच्या जहाजांना हात लावू नये; इंग्रज व्यापाऱ्यांनी त्याच्या बंदरात जकात भरून व्यापार करावा; आणि मुंबईकरांनी, ज्यांचा इंग्रजी वसाहतीशी संबंध नाही अशांना आपले निशाण लावू देऊ नये. पुढच्या दहा-बारा वर्षांचे सारे भांडण या शेवटच्या कलमात दडलेले आहे.

समुद्राकडून अशी पाठ सुरक्षित केल्यावर त्याच साली कान्होजी घाटाकडे वळला. तो तेव्हा शाहूच्या विरुद्ध, कोल्हापूरच्या पक्षात होता; शाहूने पेशवा बहिरोपंत पिंगळे याला त्याच्यावर पाठवले होते. कान्होजीने त्याचा पराभव करून त्याला कैद केले, लोहगड आणि राजमाची घेतली, आणि तो साताऱ्यावर येणार अशी हूल उठली. शाहूने नोव्हेंबर १७१३मध्ये पेशवेपदाची वस्त्रे बाळाजी विश्वनाथाला दिली. बाळाजी लढायला म्हणून निघाला आणि बोलणी करून मोकळा झाला. लोणावळ्याजवळच्या वळवणला भेट ठरली; पुढे फेब्रुवारी १७१४मध्ये तह पक्का झाला. पिंगळे सुटला, कान्होजीने कोल्हापूरचा पक्ष सोडला, सरखेलपद शाहूकडून कायम झाले. (ज्या घाटमाथ्यावर ही बोलणी झाली तिथेच आज नौदलाच्या अभियंत्यांना शिकवणारी आयएनएस शिवाजी ही संस्था आहे. समुद्रापासून इतक्या दूर नौदल कशाला, असे विचारणाऱ्यांना कान्होजीचे उदाहरण द्यायला हरकत नाही.)

अवघ्या बारा महिन्यांत दोन तह झाले. एक समुद्रावरच्या सत्तेशी, दुसरा जमिनीवरच्या धन्याशी. माझे म्हणणे असे की पहिल्याला दुसऱ्यामुळे वजन आले. समुद्रावर दस्तक, म्हणजे परवाना, कोण देऊ शकतो? ज्याच्या मागे राज्य आहे तो. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकापासून 'कार्ताझ' विकली. त्याशिवाय फिरणारे जहाज ते पकडत. सिद्दी परवाने देई, इंग्रज देत. कान्होजीने तेच केले. १७०४मध्ये कौन्सिलने रेनॉल्ड्स नावाचा माणूस पाठवून, मुंबईच्या पाण्यात तू जहाजे तपासायची नाहीस, असे त्याला बजावले, तेव्हा तो नरमला नाही. इंग्रजांनीच वचन मोडले, आता त्यांची जहाजे सापडतील तिथे धरीन, असे त्याचे उत्तर त्यांच्याच वहीत आहे. तेव्हा तो धामधुमीतला एक सरदार होता. १७१४ नंतर त्याच्या दस्तकावर छत्रपतीच्या मान्यतेची छाया आली आणि त्या मान्यतेचा पुरावा किल्ल्यांच्या यादीत आहे. चाच्याकडे सनदी मुलूख नसतो.

इंग्रजांनाही हे तत्त्व अपरिचित नव्हते. १६८३च्या सनदेने ईस्ट इंडिया कंपनीला सागरी न्यायालये चालवण्याचा अधिकार मिळाला आणि पुढच्याच वर्षी डॉ. जॉन सेंट जॉन हा कायदेपंडित न्यायाधीश म्हणून मुंबईत आला. त्या न्यायालयाचा मुख्य रोख होता कंपनीच्या परवान्याशिवाय पूर्वेत व्यापार करणाऱ्या इंग्रजांवर. त्यांची जहाजे धरायची, माल जप्त करायचा. परवाना नसलेल्या देशबांधवाचे जहाज धरणे हा कायदा, आणि दस्तक नसलेल्या परक्याचे जहाज आंग्र्याने धरले की ती चाचेगिरी! कौन्सिलच्या कागदांत ही विसंगती कुणालाही बोचलेली दिसत नाही.

भांडण पेटले ते चार्ल्स बून गव्हर्नर झाल्यावर. 'सक्सेस' हे जहाज आंग्र्याच्या माणसांनी धरले. त्यात कंपनीच्या एका देशी दलालाचा हितसंबंध होता. माहीमची जहाजे धरली गेली, बंगालकडून आलेलीही. आता वाद बघा. मुंबईकरांचे म्हणणे : आमच्या परवान्याने जाणारे प्रत्येक जहाज आमचे. विरुद्ध बाजू : तह इंग्रजांशी झाला, तो सुरतेच्या आणि माहीमच्या प्रत्येक सावकाराशी नाही; निशाण भाड्याने मिळत असेल तर त्या निशाणाला किंमत काय? जहाज कुणाचे, माल कुणाचा, आणि निशाण कुणाचे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. सागरी कायद्याचा वकील आजही पहिल्यांदा हेच विचारतो.

उत्तर मिळाले तोफांचे. १७१७मध्ये विजयदुर्गावर हल्ला, १७१८मध्ये खांदेरीवर, १७२०मध्ये पुन्हा विजयदुर्गावर, तिन्ही फसले. १७२१च्या अखेरीस कमोडोर मॅथ्यूज इंग्लंडच्या राजाच्या युद्धनौका घेऊन आला आणि पोर्तुगिजांबरोबर कुलाब्यावर चालून गेला. पेशवा बाजीराव कान्होजीच्या मदतीला धावला. पोर्तुगिजांनी जानेवारी १७२२मध्ये मराठ्यांशी वेगळा तह करून टाकला आणि इंग्रज एकटे पडले. मॅथ्यूज विलायतेला परतल्यावर, राजाची जहाजे खासगी व्यापाराला वापरली म्हणून नौदलाच्याच न्यायालयापुढे उभा राहिला.

या धामधुमीत एका कागदाने एका माणसाचा बळी घेतला. वाळकेश्वराचे देऊळ पुन्हा बांधणारा रामा कामती हा मुंबईतला धनाढ्य शेणवी, कंपनीच्या शिपायांचा नायक. खांदेरीची मोहीम फसल्यावर, त्याने कान्होजीला फितुरीचे पत्र लिहिले असा आरोप ठेवून १७२०मध्ये त्याच्यावर खटला चालवला गेला. साक्षीदाराच्या अंगठ्यांना लोखंडी पेच लावून कबुली काढली. कामतीची मालमत्ता जप्त झाली आणि तो तुरुंगातच मेला. ते पत्र आणि त्यावरचा शिक्का बनावट होता, हे पुढे उघड झाले. कान्होजीच्या नावाशी जोडलेला प्रत्येक कागद दोनदा तपासावा लागतो तो यासाठी. कौन्सिलला हरण्याचे कारण हवे होते आणि कागदाने ते पुरवले.

कान्होजीची स्वतःची बाजू एका पत्रात बरीचशी ऐकू येते. १७२४च्या सुमारास गव्हर्नर विल्यम फिप्सने त्याला लिहिले की तुझे राज्य जुलूम आणि चाचेगिरीवर उभे आहे. कान्होजीचे उत्तर आज इंग्रजी तर्जुम्यातच उपलब्ध आहे, तरी त्यातला युक्तिवाद झाकला जात नाही. दुसऱ्याचे घेण्याची हाव व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही, असे तो म्हणतो. देव कुणाला आपल्या हाताने काही देत नाही, एकाचे काढून दुसऱ्याला देतो. आणि पुढचा मुद्दा खास वकिली आहे : शिवाजी महाराजांनी चार बादशहांशी लढून राज्य स्थापले, आमचा आरंभ तिथला आहे. म्हणजे अधिकार कुठून आला या प्रश्नाला त्याने लढाईच्या आकड्यांनी उत्तर दिले नाही. वंशावळ सांगावी तशी राज्याची परंपरा सांगितली.

कान्होजीच्याच हयातीत, कोल्हापूरच्या पक्षाकडे, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेले आज्ञापत्र तयार झाले. त्यातल्या आरमाराच्या प्रकरणात कौल घेतलेल्या व्यापारी तरांड्यांना उपद्रव देऊ नये, असे बजावले आहे. तारवांसाठी लाकूड तोडताना रयतेची आंब्या-फणसाची झाडे धन्याच्या राजीखुषीशिवाय घेऊ नयेत, अशीही ताकीद आहे. हे कान्होजीसाठी लिहिलेले नाही, किंबहुना तेव्हा तो विरुद्ध छावणीत होता. तरी एवढे कळते की आरमाराला नियम असतात ही समज या किनाऱ्यावर लेखी रूपात होती.

कान्होजी १७२९मध्ये वारला. पुढच्याच वर्षी राजमाची पेशवा बाजीरावाकडे गेली. एका लहान नोंदीत ही गोष्ट संपते आणि बहुतेक चरित्रांत ती येतही नाही. पण मला ती महत्त्वाची वाटते, कारण घाटाची वाट सुटल्यावर आंग्र्यांचे राज्य पुन्हा किनाऱ्याच्या पट्टीवर आले. कान्होजीच्या मुलांत भांडणे झाली, १७३५मध्ये कुलाबा मानाजीकडे आणि दक्षिणेकडचे आरमार संभाजीकडे अशी वाटणी झाली.

फेब्रुवारी १७५६मध्ये कान्होजीचा मुलगा तुळाजी याचा विजयदुर्ग पडला, तो पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत. वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींच्या लोकांनी निघण्यापूर्वीच मुंबईत बसून लुटीतले आपापले हिस्से ठरवले होते. किल्ल्यात सुमारे दहा लाखांचा ऐवज सापडला. इंग्रजांनी तो आपसांत वाटून घेतला आणि पेशव्याला त्यातला हिस्सा दिला नाही. किल्ला परत मिळवायला पेशव्याला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वेगळा तह करून बाणकोट इंग्रजांना द्यावे लागले.