मेणाची संहिता आणि ब्राँझची आवृत्ती

एदगार देगा (१८३४–१९१७) याच्या नर्तिकांच्या ब्राँझशिल्पांची चर्चा होते तेव्हा एक मूलभूत बाब सहसा नजरेआड राहते : त्यांतील एकही ब्राँझ देगाने पाहिलेले नाही. हयातीत त्याने एकच शिल्प प्रदर्शित केले, ते १८८१ च्या दृक्प्रत्ययवाद्यांच्या सहाव्या प्रदर्शनातील ‘चौदा वर्षांची छोटी नर्तिका’. तेही मेणाचे होते. अंगावर खरी चोळी, खरा झगा आणि केसांना खरी रेशमी फीत. उइसमांसला त्यात शिल्पकलेतील आधुनिकतेचा प्रारंभ दिसला. पॉल मांत्झला त्या चेहऱ्यावर दुर्गुणाच्या खुणा दिसल्या.

पुढील शिल्पे देगाने स्टुडिओबाहेर नेली नाहीत. उजव्या पायाचा तळवा निरखणारी किंवा मोजा चढवणारी नर्तिका यांना ‘दैनंदिन’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु एका पायावर तोल सावरून दुसऱ्या पायाचा तळवा पाहणे हे कमावलेल्या शरीरालाच साधते. कारागिराने हत्यार तपासावे तशी ती पाऊल तपासते. येथे नृत्य थांबलेले नाही. त्यामागचे श्रम तेवढे उघडे पडले आहेत. ही एकच ढब देगाने पुनःपुन्हा घडवली. मेण, तारा, बुचे यांनी उभारलेल्या या आकृती तो मोडी, पुन्हा जोडी. अपूर्णता ही त्याची कार्यपद्धती होती.

मृत्यूनंतर स्टुडिओत सुमारे १५० आकृती आढळल्या, पुष्कळशा भंगलेल्या. त्यांपैकी सत्तरहून अधिक आकृतींच्या ओतकामाचा करार वारसांनी एब्रार यांच्याशी केला. कुशल ओतारी पालाझोलो याने मुळाबरहुकूम प्रथम एक आदर्श ब्राँझ ओतले आणि त्यावरून विक्रीच्या प्रती काढल्या. वीस प्रती विक्रीसाठी, एक वारसांसाठी, एक ओतशाळेसाठी अशी योजना होती. १९२१ मध्ये ही शिल्पे पॅरिसमध्ये मांडली गेली. धातू थिजताना आकसत असल्याने या प्रती मूळ मेणाहून किंचित लहान आहेत. मूळ मेणाकृती १९५५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये, तर आदर्श ब्राँझ १९७६ मध्ये उजेडात आले.

येथे संहिताचिकित्सेचा परिचित प्रश्न उभा राहतो. लेखकाच्या मृत्यूनंतर त्याच्या कच्च्या टिपणांची मुद्रित आवृत्ती निघावी, तसे हे घडले आहे. ब्राँझने बोटांचे ठसे जपले, पण पुढच्या बदलाची शक्यता संपवली. या प्रतींना बनावट म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्यावाचून ही नर्तिका जगाला इतकी परिचित झालीच नसती. मात्र पूर्णत्वाचा जो प्रत्यय त्या देतात, तो देगाचा नव्हे, ओतशाळेचा आहे. समीक्षेने कर्तृत्वाची ही विभागणी ध्यानात ठेवूनच त्यांचे वाचन करायला हवे.