सव्वापाच वारांचा काठ

पूर्ण गोल स्कर्टच्या कुळात मागे मागे गेलं, तर पूर्वज सगळे पुरुषी निघतात. रोमन टोगा साधारण अर्धवर्तुळाकार होता. चर्चमधले पाद्री समारंभाच्या वेळी खांद्यावर घेतात तो कोप नावाचा झगाही अर्धवर्तुळच. १५८० मध्ये माद्रिदला हुआन दे अल्सेगा या बास्क शिंप्याचं बेतणीवरचं पुस्तक छापून निघालं. त्यातल्या आकृत्यांमध्ये पुरुषांच्या गोलाईदार केपा कापडावर कशा बसवायच्या ते दाखवलं आहे. कापड अपुरं पडतं तिथे लहान लहान तुकडे जोडून गोलाई पुरी केलेली दिसते. चारशे वर्षांपूर्वीचा शिंपीही चिंधी वाया घालवायला तयार नव्हता.

घेर हवा तर सरळ पूर्ण वर्तुळ का कापलं नाही, याचं उत्तर पन्ह्यात आहे. हातमागावर विणकर एका हातानं धोटा फेकतो आणि दुसऱ्या हातानं झेलतो. हात जेवढे पोचतील तेवढा पन्हा. त्याहून रुंद कापड हवं असेल तर मागावर दोन माणसं बसवावी लागत. १७३३ मध्ये जॉन के या इंग्रज माणसानं दोरीच्या झटक्यानं पळणारा धोटा काढला, तेव्हा कुठे एकट्या विणकराला रुंद पन्हा विणता येऊ लागला. तोवर बायकांच्या कपड्यांना घेर आणायचे दोनच मार्ग होते. सरळ पाट शेजारी शेजारी जोडून कमरेशी चुण्या घालायच्या, नाहीतर राजस्थानी घागऱ्यासारख्या कळ्या कापून जोडायच्या. आपला परकर पहिल्या जातीचा. खणाचा असो की जुन्या साडीचा, त्याचा काठ विणकरानंच दिलेला असतो आणि तो जमिनीला समांतरच पडतो. परकर शिवणाऱ्या आजीला काठ वरखाली होण्याची चिंता कधी करावी लागली नाही. गोल कापलेल्या कपड्याला मात्र हा आयता काठ नसतो.

गोल स्कर्टचं गणित शाळेतलंच आहे. कंबर २६ इंच असेल, तर मधल्या भोकाची त्रिज्या ४ इंचांहून जराशी जास्त. त्यात २६ इंच लांबी मिळवली की बाहेरची त्रिज्या ३० इंच आणि काठाचा परीघ जवळजवळ १८९ इंच, म्हणजे सव्वापाच वार. एका पाचवारी साडीची लांबी या गुडघ्याखालच्या स्कर्टच्या काठात मावते. लांबी एक इंच वाढवली की काठ सव्वासहा इंचांनी वाढतो, मग कंबर कितीही असो. आणि हे सगळं एकाच तुकड्यात कापायचं तर ६० इंचांहून जास्त पन्हा लागतो. ४४ इंची कापडावर दोन अर्धवर्तुळं कापून बाजूला शिवणी घालाव्या लागतात. त्याला साडेतीन वार कापड जातं आणि चारही कोपऱ्यांचे तुकडे उरतात ते वेगळेच.

एवढं करून स्कर्ट अंगावर चढवला की खरं दुखणं सुरू होतं. वर्तुळ कापताना कापडाचा ताणा एका दिशेला असतो, बाणा त्याच्या काटकोनात. या दोन्हींच्या टोकांशी, म्हणजे चार ठिकाणी, कापड सरळ धाग्यावर लोंबतं आणि फारसं ताणलं जात नाही. त्यांच्या मधोमध, ४५ अंशांवर, कापड उरेब पडतं. तिथे धागे एकमेकांवरून सरकतात आणि कापड स्वतःच्याच वजनानं खाली उतरतं. कापताना कंपासनं काढल्यासारखा असलेला काठ दोन दिवसांत चार ठिकाणी ओघळतो. यात शिवणारीचा काही दोष नाही. विणलेल्या कापडाचा तो स्वभाव आहे, आणि क्रेप-जॉर्जेटमध्ये तो जास्तच दिसतो.

पॅरिसच्या मादलेन व्हिओनेनं १९२०च्या दशकात या स्वभावाचंच सोनं केलं. ती अख्खे पोशाख उरेब कापायची आणि त्यासाठी जास्त पन्ह्याचं क्रेप खास विणून घ्यायची. रुमालाच्या टोकांसारखा खालीवर काठ तिच्या पोशाखांवर शोभून दिसे. काठ एकसारखा राहत नसेल तर तो मुद्दामच टोकदार ठेवावा, असा हा मामला. पण ज्याला समान काठच हवा, त्याच्या कामाचा हा उपाय नाही.

तो उपाय निघाला १९४७ मध्ये, आणि काढला तो शिवण न येणाऱ्या बाईनं. त्याच वर्षी १२ फेब्रुवारीला पॅरिसमध्ये क्रिस्तियाँ दिओरनं बारीक कंबर आणि प्रचंड घेर यांचा पहिला संग्रह दाखवला होता. अमेरिकेत युद्धकाळात, १९४२ मध्ये, सरकारनं एल-८५ नावाचा हुकूम काढून स्कर्टच्या लांबीवर आणि घेरावर मर्यादा घातली होती. ती उठली होती आणि घेराची भूक लागलेली होती. लॉस एंजेलिसच्या ज्युली लिन शार्लो या गायिका-अभिनेत्रीला नाताळच्या पार्टीला जायचं होतं. नवऱ्याची नोकरी गेलेली, नव्या कपड्यांना पैसे नाहीत. तिच्या आईच्या छोट्या कारखान्यात फेल्ट वापरलं जाई. ज्युलीनं पांढऱ्या फेल्टचा मोठा गोल कापला, मध्ये कंबरेपुरतं भोक पाडलं आणि वर नाताळची झाडं चिकटवली. स्कर्ट तयार.

फेल्ट म्हणजे लोकर भिजवून, कुटून, दाबून केलेला पत्रा. आपल्याकडचं बुरणूस किंवा काश्मिरी नमदा याच जातीचा. त्यात ताणा नाही, बाणा नाही, म्हणून उरेबही नाही. कुठल्याही बाजूनं सारखंच लोंबतं. कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत, कारण धागेच नसतात. म्हणजे काठ दुमडायला नको, तुरपाई नको. शिवाय फेल्ट ७२ इंच पन्ह्यात मिळायचं, म्हणजे जोडही नको. पन्हा, ओघळणं आणि काठ ही तिन्ही कोडी एका कात्रीत सुटली. शिवणकामात तरबेज बाई असती तर तिनं सरळ सुती कापड घेतलं असतं आणि रात्रभर काठ सारखा करत बसली असती, असं मला पक्कं वाटतं.

बेव्हर्ली हिल्सच्या एका दुकानानं तसे स्कर्ट विकायला घेतले. नाताळ सरल्यावर दुसरं काही चित्र आण म्हणाले, तेव्हा तिनं डॅक्सहुंड कुत्री चिकटवली. पुढे पूडल आले आणि स्कर्टला त्यांचंच नाव पडलं. पन्नाशीच्या दशकातल्या अमेरिकन मुलींचा तो जणू गणवेश झाला. शार्लो नंतर मेक्सिकोत राहायला गेली आणि २०२४ मध्ये १०१ वर्षांची होऊन तिथेच वारली.

नकला मात्र सुती कापडात आणि टॅफेटात निघू लागल्या, आणि ओघळलेला काठ घरोघरी परत आला. त्यावरची रीत आजही तीच आहे. कंबरपट्टी लावून स्कर्ट एक-दोन दिवस टांगून ठेवायचा, उरेब भागाला काय उतरायचं ते उतरू द्यायचं. मग जिचा आहे तिनं तो घालून, ज्या चपला घालणार त्याच घालून, ताठ उभं राहायचं. मोजायचं जमिनीपासून वर, कमरेपासून खाली नाही, कारण नितंब आणि पोट कापड वर ओढून घेतात. उभी असलेली हलत नाही, मोजणारीनं पट्टी घेऊन तिच्याभोवती फिरायचं आणि दर दोन-तीन इंचांवर खडूची खूण करायची. यासाठी एक गमतीचं उपकरण निघालं होतं. स्टँडला पट्टी, तिच्यावर सरकणारी खडूच्या पुडीची डबी आणि खाली रबरी फुगा. फुगा दाबला की कापडावर पुडीची रेघ उठते, वाकावंही लागत नाही. खुणा जुळवल्या की खालचं जास्तीचं कापायचं.

दुमडताना आणखी एक खोच आहे. वर्तुळाची कड आतल्या भागाहून लांब असते. एक इंच काठ दुमडला, तर साडेबारा इंच कापड जास्तीचं उरतं आणि त्याच्या चुण्या पडून काठ कडक, वेडावाकडा दिसतो. म्हणून गोल स्कर्टचा काठ पाव इंचाचाच ठेवायचा. कारागीर पिको करून मोकळे होतात. जाड कापड असेल तर आतून उरेब पट्टी लावतात. इथे तीच उरेब कामाला येते, कारण गोलाईवर तीच वळते.

आपल्याकडे हाच बेत ‘अंब्रेला कट’ म्हणून अनारकलीत आणि गरब्याच्या चनिया-चोलीत दिसतो. कारखान्यात थरावर थर ठेवून कापतात आणि लगेच शिवतात. टांगून ठेवायला जागा कोणाकडे असते? म्हणून रेडीमेड घेताना कंबरपट्टीला धरून स्कर्ट उचलावा आणि मधली घडी व बाजूची शिवण यांच्या अगदी मधोमध काठ किती खाली आला आहे ते बघावं. ओघळलेला काठ वर घेता येतो, पण बाकीचा खाली आणता येत नाही. म्हणून असा कपडा घेताना लांबी दोन बोटं जास्तच घ्यावी.